कॉम्प्युटर सुरू होत नाही? आधी फाइल्स बाहेर काढा

विंडोज सुरू होत नाही म्हणजे फोटो आणि कागदपत्रं गेली, असं नसतं. बहुतेक वेळा हार्ड डिस्क ठणठणीत असते, बिघडलेलं असतं ते विंडोज. म्हणून घाईघाईत फॉरमॅट मारू नका. दुरुस्तीला देतानाही ‘डेटा हवा आहे’ हे आधीच बजावून सांगा.

दुसऱ्या कॉम्प्युटरवर लिनक्स मिंट या विंडोजसारख्याच दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमची आयएसओ फाइल (म्हणजे तिची अख्खी प्रत) उतरवा आणि रूफस हे छोटं सॉफ्टवेअर वापरून ती ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर चढवा. (त्या पेनड्राइव्हवरचं सगळं पुसलं जाईल, तेव्हा रिकामा घ्या.) तो बंद पडलेल्या कॉम्प्युटरला लावून चालू करतानाच एफ१२, एफ९ किंवा एस्केप टकटक दाबत राहा, कंपनीनुसार बटण बदलतं. यादीतून पेनड्राइव्ह निवडलात की लिनक्स थेट त्यावरूनच चालतं. डेस्कटॉपवर ‘इन्स्टॉल’चं चिन्ह दिसेल, त्याला मात्र हात लावायचा नाही. फाइल मॅनेजरमध्ये विंडोजची डिस्क उघडा, ‘युजर्स’मध्ये तुमच्या नावाचा फोल्डर शोधा आणि हवं ते बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा. ती डिस्क एफएटी३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेली असेल तर ४ जीबीहून मोठा व्हिडिओ कॉपी होणार नाही.

विंडोजच्या डिस्कने पासवर्ड मागितला तर बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय, चालू आहे. त्याची ४८ अंकी रिकव्हरी की बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते.

डिस्कमधून टकटक किंवा खरखर आवाज येत असेल तर यातलं काहीच करू नका. लगेच बंद करून डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या.