सेटल–कार्लाइल लाइनवर डिझेल इंजिनांचे फोटो: निघण्यापूर्वीची तयारी

तयारीचा क्रम आधी नक्की करावा. सगळ्यात आधी गाडी, मग ऊन, मग उभं राहायची जागा, आणि कॅमेऱ्याची बॅग अगदी शेवटी. बहुतेक जण बॅगेपासून सुरुवात करतात आणि मग अंधारलेल्या नाकाचं, अर्धवट झाकलेलं इंजिन घेऊन घरी येतात. इथे उदाहरणाला उत्तर इंग्लंडमधली सेटल ते कार्लाइल ही ७२ मैलांची लाइन घेतली आहे. तिच्यावर विजेच्या तारा नाहीत, त्यामुळे वाफेच्या खास गाड्या सोडल्या तर इथे धावतं ते सगळं डिझेलवर. शिवाय लाइन ढोबळमानाने दक्षिणोत्तर असल्यामुळे उन्हाचं गणित एकदा नीट समजलं की ते वर्षभर कामाला येतं.

गाडी शोधायला रिअलटाइम ट्रेन्स ही साइट उघडावी आणि लगेच तपशीलवार दृश्यावर जावं. साध्या दृश्यात फक्त प्रवासी गाड्या दिसतात, मालगाड्या दिसत नाहीत. ठिकाण म्हणून लाइनच्या दक्षिण टोकाजवळचं हेलिफील्ड किंवा लाइनवरचं ब्ली मूर टाकावं. प्रत्येक गाडीला चार चिन्हांचा क्रमांक असतो, त्यातला पहिला आकडा आधी वाचावा. ४ म्हणजे ताशी ७५ मैलांपर्यंत धावणारी मालगाडी, ६ म्हणजे ६० मैलांची, ७ म्हणजे ४५ ची, ८ म्हणजे ३५ ची. शून्य म्हणजे नुसतं इंजिन. ३ ने सुरू होणाऱ्या गाड्यांकडे ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये विशेष लक्ष ठेवावं. गळलेल्या पानांमुळे रूळ निसरडे होतात, ते पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुणाऱ्या गाड्या तेव्हा निघतात आणि त्यांना सहसा दोन्ही टोकांना इंजिन असतं. १ नंतर क्यू अक्षर आलं तर ती बहुधा रूळ तपासणारी पिवळी गाडी समजावी.

यादीत गाडी दिसली म्हणजे ती येणारच असं मात्र नाही. बऱ्याच मालगाड्यांपुढे ‘गरज असेल तर धावेल’ अशा अर्थाची खूण असते. अशी गाडी सुरुवातीच्या ठिकाणाहून खरोखर निघाल्याची नोंद दिसेपर्यंत तिच्यावर दिवस लावू नये. मालगाडी वेळेआधीही येते. पुढचा मार्ग मोकळा असेल तर तिला थांबवून ठेवण्यात कोणाचा फायदा नसतो, म्हणून निदान पाऊण तास आधी जागेवर उभं असावं. रविवारी रुळांची कामं चालतात आणि मालवाहतूक जवळपास थांबते, शनिवारीही ती कमी असते. एका दिवसासाठी जायचं तर मंगळवार ते गुरुवार यांतला दिवस धरावा आणि एका गाडीवर भिस्त न ठेवता तीन-चार गाड्या हेरून ठेवाव्यात.

आता ऊन. तयारीतला खरा वेळ इथेच द्यायचा. सूर्य दक्षिणेकडून फिरतो, म्हणून दक्षिणेला येणाऱ्या गाडीचं नाक दिवसाचा बराच वेळ उजळलेलं असतं. उत्तरेला जाणाऱ्या गाडीचं नाक मात्र जवळपास कायम सावलीत राहतं. त्याला अपवाद जूनच्या आसपासचा. तेव्हा सूर्य ईशान्येला उगवतो, वायव्येला मावळतो, आणि भल्या सकाळी किंवा रात्री आठनंतर उत्तरेकडे तोंड केलेल्या इंजिनावरही ऊन पडतं. बाकीच्या दिवसांत उत्तरेला जाणारी गाडी एका बाजूने उजळलेली घ्यावी, नाही तर सरळ ढगाळ दिवसासाठी राखून ठेवावी.

याला आणखी एक धागा जोडलेला आहे. ब्रिटनमध्ये गाड्या डाव्या रुळावरून धावतात. म्हणजे उत्तरेला जाणारी गाडी पश्चिमेकडच्या रुळावर आणि दक्षिणेला येणारी पूर्वेकडच्या. सकाळी पूर्वेला उभं राहून दक्षिणेला येणारी गाडी घेतली तर नाक उजळलेलं, आपल्याकडची बाजू उजळलेली आणि गाडी जवळच्या रुळावर, असं तिन्ही जमतं. दुपारनंतर पश्चिमेला उभं राहिलं की उत्तरेला जाणारी गाडी जवळच्या रुळावर येते. जवळचा रूळ महत्त्वाचा, कारण लांबच्या रुळावरची गाडी नेमक्या क्षणी समोरून आलेल्या दुसऱ्या गाडीमागे झाकली जाते. त्यासाठी प्रवासी गाड्यांच्या वेळा त्याच यादीत ताडून बघाव्यात. दोन वेळांमध्ये पाच मिनिटांपेक्षा कमी अंतर दिसलं तर जागा बदलावी.

घड्याळाचंही भान ठेवायला हवं. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत घड्याळ एक तास पुढे असतं, त्यामुळे सेटलला सूर्य बरोबर दक्षिणेला येतो तो दुपारी बाराला नाही, साधारण सव्वाएकला. डिसेंबरमध्ये तो भरदुपारी जेमतेम १२ अंशांवर असतो. ऊन सोनेरी मिळतं, पण समोरच्या टेकडीची, झाडांची, आपली स्वतःचीही सावली रुळांवर आडवी पडते. जूनमध्ये तोच सूर्य ५९ अंशांपर्यंत चढतो. मग इंजिनाचं छत पांढरंफटक आणि चाकांचा भाग काळा ठिक्कर. उन्हाळ्यात अकरा ते तीन हा वेळ चहाला द्यावा. भारतातल्या उन्हाची सवय असलेल्यांना ही हिवाळ्यातली खालची किरणं पहिल्यांदा फार आवडतात, पण दरीत किंवा खोदलेल्या चरात ती रुळापर्यंत पोचतच नाहीत, हे सूर्याची दिशा आणि उंची दाखवणाऱ्या सनकॅल्कसारख्या साइटवर आधीच पाहून घ्यावं.

जागेसाठी ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा संस्थेचा १:२५,००० चा ओएल २ हा नकाशा घ्यावा. त्यावर हिरव्या तुटक रेषांनी दाखवलेले सार्वजनिक हक्काचे रस्ते हेच आपलं मैदान. रिबलहेडचा पूल, २४ कमानींचा, ३२ मीटर उंच, या लाइनवरचा सर्वांत प्रसिद्ध देखावा. सकाळी पूर्वेकडून घेतला तर मागे व्हर्नसाइड डोंगर येतो, दुपारनंतर पश्चिमेकडून घ्यावा. पुलावर १९८५ पासून एकच रूळ आहे, त्यामुळे इथे गाडी झाकली जायची भीती नाही. मात्र पूल इतका मोठा आहे की कमानी सगळ्या घेतल्या तर इंजिन काडेपेटीएवढं उरतं. इंजिन हाच विषय असेल तर पाच-सहा कमानीच घ्याव्यात. मोटारीने जायचं तर ती शेताचं फाटक अडवून लावू नये, फाटक जसं होतं तसंच परत लावावं, आणि दगडी बांधावर चढू नये. ते बांध चुन्याशिवाय नुसते रचलेले असतात, वरचा दगड सुटला की माणूसही खाली आणि शेतकऱ्याचं कामही वाढलं. मोबाइलची रेंज या भागात धरून चालू नये. गाड्यांच्या वेळा निघतानाच कागदावर उतरवून घ्याव्यात.

कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये शटरचा वेग सगळ्यांत जास्त फसवतो. ताशी ६० मैल म्हणजे सेकंदाला सुमारे २७ मीटर. १/१००० सेकंदाच्या शटरवर गाडी २७ मिलिमीटर सरकते. फ्रेममध्ये आडवा ३० मीटरचा पट्टा ६००० पिक्सेलमध्ये मावत असेल, तर पूर्ण बाजूने घेतलेल्या गाडीचा फोटो पाच पिक्सेल पुसट येतो, आणि इंजिनावरचा क्रमांक वाचताना ते लगेच जाणवतं. तीच गाडी तिरकी, आपल्याकडे येताना घेतली तर सरकणं निम्म्याहून कमी भरतं आणि १/१००० पुरतो. बाजूने घ्यायची असेल तर १/२००० हवा. छिद्र एफ ५.६ ते ८, आणि आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाला संवेदनशीलता, त्यानुसार वाढू द्यावा. थोडा दाणा परवडतो, हललेलं नाक परवडत नाही.

एक्सपोजर, म्हणजे एकूण किती प्रकाश घ्यायचा ते, मात्र हातानेच ठरवावं. बहुतेक इंजिनांचं नाक आजही पिवळं असतं आणि खालच्या उन्हात तो पिवळा रंग सगळ्यात आधी जळतो. कॅमेरा गडद निळ्या किंवा हिरव्या अंगाकडे पाहून प्रकाश वाढवतो आणि नाकावरचा तपशील पुसला जातो. अर्ध्या ते पाऊण स्टॉपने कमी ठेवावं (एक स्टॉप कमी म्हणजे प्रकाश निम्मा), रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली, फाइल घ्यावी. तालीम म्हणून आधी जाणारी प्रवासी गाडी घ्यावी. नॉर्दर्न कंपनीच्या क्लास १५८ या डिझेल प्रवासी गाडीवर फोकस, क्षितिजाची पातळी आणि सावल्या सगळं तपासता येतं. फोकस ज्या स्लीपरवर किंवा कुंपणाच्या खांबावर धरायचा तो ठरवून ठेवावा आणि इंजिनाचं नाक तिथे आलं की बटण दाबावं. सेकंदाला दहा फोटोंच्या भरवशावर राहू नये, कारण तेवढ्यात दोन फोटोंमध्ये गाडी २.७ मीटर पुढे जाते आणि नेमकी जागा मधल्या मध्ये निसटते. लेन्स २४–७० आणि ७०–२०० मिलिमीटर एवढ्या पुरतात. त्याहून लांबची लेन्स उन्हाळ्याच्या दुपारी खडीवरून उठणाऱ्या गरम हवेत फोटो लिबलिबीत करते.

बॅगेत दोन जादा बॅटऱ्या ठेवाव्यात आणि थंडीत त्या आतल्या खिशात, कारण गारठ्यात त्यांची ताकद झपाट्याने उतरते. लेन्स पुसायचं कोरडं फडकं, कॅमेऱ्यावर ओढायला मोठी प्लास्टिकची पिशवी, पाणी न शिरणारे बूट. कोट गडद रंगाचा. केशरी किंवा चमकता पिवळा मुळीच नको, कारण तो रेल्वे कामगारांचा रंग आहे आणि ड्रायव्हरला रुळांजवळ कामगार असल्याचा भास होतो.

नियम थोडे आहेत पण पक्के आहेत. कुंपणाच्या आत पाऊल टाकणं हा गुन्हा आहे, दंड १,००० पौंडांपर्यंत. फलाटावर स्वतःसाठी फोटो काढायला मोकळीक असते, पण आल्यावर कर्मचाऱ्यांना सांगावं, पिवळ्या रेषेमागे राहावं, फ्लॅश कधीही उडवू नये. ट्रायपॉड गर्दी नसेल तिथेच, कडेपासून चांगला दूर. दुसऱ्या एखाद्या लाइनवर जायचं झालं तर तारांपाशी काठी किंवा ट्रायपॉड वर धरू नये, २५,००० व्होल्टला स्पर्शाची गरज लागत नाही. रुळांवर मेंढी किंवा माणूस दिसला तर रूळ सांभाळणाऱ्या नेटवर्क रेलला ०३४५७ ११ ४१ ४१ वर कळवावं आणि जवळच्या पुलावरच्या पाटीचा क्रमांक सांगावा, त्यावरून त्यांना जागा नेमकी कळते.

मुख्य लाइनवर मालगाडीला बहुतेक वेळा क्लास ६६ या प्रकारचं इंजिनच दिसेल. जुनी इंजिनं, क्लास ३७, ४७, ५० किंवा डेल्टिक, हवी असतील तर ईस्ट लँकाशायर किंवा सेव्हर्न व्हॅलीसारख्या जतन केलेल्या लाइनींचा डिझेल मेळा गाठावा. तिथे वेग ताशी २५ मैल, म्हणून तिरक्या फोटोला १/५०० पुरतो. कोणतं इंजिन कोणत्या गाडीला हे आधी जाहीर होतं, पण ऐनवेळी बिघाडाने बदलतं, तेव्हा सकाळी पुन्हा पाहावं. धूर हवा असेल तर स्टेशनातून गाडी सुटते त्या टोकाला, चढाच्या दिशेने उभं राहावं. थंड इंजिनावर ड्रायव्हरने जोर लावला की पहिल्या काही सेकंदांतच तो काळा लोट निघतो, नंतर विरतो.

गाडी गेल्याबरोबर इंजिनाचा क्रमांक, गाडीचा क्रमांक, जागा आणि आलेली वेळ वहीत लिहावी. क्लास ६६ सगळी सारखीच दिसतात, आणि रात्री संगणकावर क्रमांक पुसट निघाला तर वहीशिवाय दुसरा पुरावा नसतो.