मुलाच्या झोपेच्या चाचणीआधीचे दोन आठवडे

नार्कोलेप्सीच्या, म्हणजे दिवसा आवरता न येणारी झोप येण्याच्या आजाराच्या शंकेवरून मुलाची झोपेची चाचणी ठरली, की तारखेच्या निदान दोन आठवडे आधी तयारीला लागा. रात्री पॉलिसॉम्नोग्राफी, म्हणजे झोपेत मेंदू, श्वास वगैरेंची तारा लावून केलेली नोंद, आणि लगेच दुसऱ्या दिवशी एमएसएलटी, म्हणजे ठरावीक अंतराने घेतलेल्या डुलक्यांची चाचणी, असा हा जोडकार्यक्रम असतो. अपुऱ्या झोपेमुळे त्याचा निकाल हमखास बिघडतो. दहावी-बारावी किंवा नीट-जेईईच्या क्लासमुळे रोज पाच-सहा तासच झोपणारं मूल एमएसएलटीत झटकन झोपतं आणि कधी कधी अहवाल अगदी नार्कोलेप्सीसारखा दिसतो. म्हणून परीक्षेच्या तोंडावरची तारीख घेऊ नका, सुट्टी लागून दोन आठवडे झाल्यानंतरची मागा. ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास, १३ ते १८ वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास झोप लागते. या पंधरवड्यात ती मिळायलाच हवी, आणि झोपण्या-उठण्याच्या वेळा रविवारीही त्याच ठेवा.

सोबत डायरी ठेवा: दिवा कधी मालवला, झोप साधारण कधी लागली, रात्री किती वेळा जाग आली, सकाळी किती वाजता उठलं, दिवसा डुलकी कुठे आणि किती वेळ लागली (स्कूलबसमधली, जेवताना लागलेलीसुद्धा), चहा-कॉफी-कोला किती झालं. नोंद त्याच दिवशी करा. आठवड्याची एकदम भरलेली डायरी अंदाजपंचे असते. मनगटावर ॲक्टिग्राफ (हालचालींवरून झोप-जाग नोंदवणारं घड्याळासारखं यंत्र) दिला असेल तर तो रात्रंदिवस राहू द्या. सुट्टीत उशिरा झोपून उशिरा उठणारं मूल दिवसभर ताजंतवानं असेल, तर नार्कोलेप्सीपेक्षा शरीराचं घड्याळच उशिराच्या वेळेकडे सरकलेलं असण्याची शक्यता जास्त.

सगळ्यात मोलाचा असतो मोबाइलवरचा व्हिडिओ. खळखळून हसताना गुडघे लचकतात का, मान पडते का, हातातली वस्तू सुटते का ते टिपा. ही कॅटाप्लेक्सी, म्हणजे नार्कोलेप्सीत स्नायूंची ताकद क्षणभर जाणं. लहान मुलांत कधी कधी हसण्याचं निमित्तही नसतं. पापण्या जड, तोंड उघडं, जीभ बाहेर असा चेहरा दिसतो. त्या वेळी आपण काय बोललो ते मुलाला नंतर विचारा. कॅटाप्लेक्सीत शुद्ध जात नाही, आणि हे न विचारल्यामुळे काही मुलांवर फिट समजून उपचार होतात. मूल घोरत असेल तर झोपेतला छातीसह व्हिडिओ घ्या, श्वास थांबल्यासारखा वाटतो तो क्षण हवा. वर्षभरात वजन भराभर वाढलं असेल तर जुन्या नोंदी शोधा. रात्री पाय शिवशिवत असतील तर फेरिटिनचा (शरीरातल्या लोहाच्या साठ्याचा) अहवाल सोबत असू द्या.

औषधांची यादी करताना सर्दी-ॲलर्जीच्या गोळ्या विसरू नका. नैराश्यावरची बरीच औषधं स्वप्नांची झोप, म्हणजे रेम, दाबतात. ती साधारण दोन आठवडे आधी थांबवावी लागतात, फ्लुओक्सेटिन त्याहून बरंच आधी. पण हा निर्णय डॉक्टरांचाच. अचानक बंद केल्यास कॅटाप्लेक्सी उसळू शकते, आणि फिटची गोळी परस्पर बंद करणं तर धोक्याचं आहे.

चाचणीच्या दिवशी केस शाम्पूने धुवा आणि तेल लावू नका, तेलकट टाळूवर इलेक्ट्रोड टिकत नाहीत. नेलपॉलिश काढा. बोटांच्या टोकांना मेंदी आधीपासूनच नको, ऑक्सिजन मोजताना अडथळा येतो. पुढून उघडणारा सैल शर्ट, पायजमा, स्वतःची उशी-गोधडी न्या. चहा-कॉफी नाही. तारा फक्त चिकटवतात, सुई नसते, हे मुलाला आधीच सांगा. ताप-सर्दी असेल तर फोन करून तारीख बदला.

दुसऱ्या दिवशी दर दोन तासांनी चार-पाच डुलक्या असतात. प्रत्येक वेळी झोप लागायला २० मिनिटं देतात. मधल्या वेळात मुलाला जागं ठेवणं हे सोबतच्या पालकाचं काम, म्हणून पत्ते, कॅरम, चित्रांची वही असं काही न्या.

झोप लागायला सरासरी ८ मिनिटं किंवा कमी, आणि किमान दोनदा झोप लागल्यावर १५ मिनिटांच्या आत रेम, हे नार्कोलेप्सीकडे बोट दाखवतं; आदल्या रात्री रेम तितक्या लवकर आली असेल तर तीही एक धरतात. आजाराच्या सुरुवातीला निकाल नॉर्मल येऊ शकतो. लक्षणं राहिलीच तर चाचणी पुन्हा करावी लागते किंवा पाठीच्या पाण्यातलं हायपोक्रेटिन, म्हणजे जागं ठेवणारं मेंदूतलं रसायन, तपासतात. म्हणून निघताना नुसता निष्कर्ष घेऊ नका. प्रत्येक डुलकीच्या वेळा असलेला पूर्ण अहवाल मागून घ्या.