विणकाम आणि हिवाळी बाग एकत्र सांभाळताना या चुका टाळा

थंडी पडली की बाग झोपते आणि विणायच्या सुया जाग्या होतात, हे वेळापत्रक बर्फ पडणाऱ्या देशांचं आहे. तिथे माती गोठते, कुंड्या आत येतात आणि बाई शेकोटीपाशी लोकर घेऊन बसते. असे व्हिडिओ पाहून आपल्याकडेही अनेकजणी दिवाळीच्या सुट्टीत स्वेटरचे टाके घालतात, आणि तिथेच गणित चुकतं. महाराष्ट्रात बागेची खरी धांदल असते ती दसरा ते दिवाळी आणि पुढचे दोन महिने. मेथी, पालक, मुळा, गाजर, वाटाणा, नवलकोल, फ्लॉवरची रोपं, पेटुनिया, डायंथस, पॅन्सी, गुलाबाची छाटणी, सगळं एकदमच अंगावर येतं. दोन्ही कामं एकाच महिन्यात सुरू केली की एक बाही सुईवरच राहते आणि मेथी कोवळेपणी काढायची राहून जून होते.

स्वेटर दिवाळीत सुरू करणं

मोठ्या माणसाच्या पूर्ण बाह्यांच्या स्वेटरला ४०० ते ५०० ग्रॅम लोकर लागते. हात बसलेला असला आणि रोज तासभर मिळाला तरी दीड-दोन महिने सहज जातात. म्हणजे दिवाळीत घातलेले टाके संक्रांतीच्या आसपास बंद होणार. निफाडला तेव्हाही तो स्वेटर अंगावर चढेल. पुण्यात महिनाभर वापरून होईल. मुंबई-कोकणात मात्र सरळ कपाटात जाईल.

मोठं विणकाम श्रावणात काढावं. पावसात कुंड्यांना पाणी घालायचं नसतं, पेरणीही फारशी नसते, संध्याकाळ मोकळी असते. दसऱ्यापर्यंत पाठ आणि पुढचा भाग झाला असेल तर बाह्या बागेच्या धबडग्यातही निघतात. पावसाळ्यात एवढंच सांभाळायचं की शुद्ध लोकर ओलसर कपाटात ठेवू नये, कुबट वास धरते आणि कसर लागते. ॲक्रिलिकला कसर लागत नाही, आणि बाजारात ‘लोकर’ म्हणून मिळतं ते बहुतेक ॲक्रिलिकच असतं.

बाळंतविड्याला हा नियम लागू नाही. जानेवारीत बाळ येणार असेल तर टोपडं, मोजे आणि झबलं आधी, फ्लॉवर पुढच्या वर्षी. भाजी मंडईत मिळते. फक्त बाळाच्या कपड्याला मोठ्या जाळीची वीण घेऊ नका, इवली बोटं त्यात अडकतात.

परदेशी आकडे जसेच्या तसे घेणं

आपल्या दुकानातली १० नंबरची सुई ३.२५ मिमीची आणि ८ नंबरची ४ मिमीची असते. नंबर वाढतो तशी सुई बारीक होते. अमेरिकी पॅटर्नमध्ये उलटं असतं, तिथली ८ नंबरची सुई ५ मिमीची. नंबर पाहून सुई घेतली तर मुलाच्या स्वेटरच्या मापात दोन वर्षांचा फरक पडू शकतो. मिलिमीटर पाहा, आणि सुरुवातीला चार इंची तुकडा विणून टाके मोजा.

बियांच्या पाकिटाचंही तसंच. आयात केलेल्या पॅन्सीच्या किंवा वाटाण्याच्या पाकिटावर ‘वसंतात पेरा’ असं लिहिलेलं असतं. तो त्यांचा वसंत, हवेच्या दृष्टीने आपल्या ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या जवळचा. मार्चमध्ये पेरलं तर रोपं उन्हाने करपतात.

अर्धवट काम कुठेही सोडणं

बाग असली की विणकाम मध्येच ठेवावं लागतं, त्याला इलाज नाही. पण ओळ अर्ध्यात टाकून उठू नका. अर्ध्या ओळीवर आठवडाभर पडलेलं काम हातात घेतलं की त्या जागी टाके ताणलेले दिसतात आणि कुठल्या बाजूने जायचं होतं तेही आठवत नाही. ओळ पूर्ण करा, कितवी ओळ झाली ते चिठ्ठीवर लिहून कामालाच टाचा. क्रोशाचं काम असेल तर शेवटच्या टाक्यात सेफ्टी पिन अडकवा, म्हणजे पिशवीतून काढताना अख्खी ओळ उसवणार नाही.

खंड पडला की हातही बदलतो. पूर्वीची वीण घट्ट आणि नंतरची सैल अशी रेघ स्वेटरवर उमटते. पुन्हा बसाल तेव्हा आधी उरलेल्या लोकरीवर दहा-बारा ओळी विणून हात सैलावू द्या. आणि लोकर एकदमच घ्या, लेबलवरचा लॉट नंबर (एकाच वेळी रंगवलेल्या लोकरीचा) सारखा पाहून. डिसेंबरात कमी पडलेला गुंडा आणायला गेलात तर दुसऱ्या लॉटचा तोच रंगही किंचित वेगळा निघतो. दुकानात कळत नाही, उन्हात कळतं.

एखादा टाका गळून खाली शिडी पडली तर उसवू नका. क्रोशाच्या सुईने एकेक आडवा धागा वर ओढत तो टाका पुन्हा सुईवर चढवता येतो.

पेरणीच्या आठवड्यांत केबलची (वेणीसारख्या पिळाची) किंवा चार रंगांची वीण घेऊच नये. क्रोशाचे सुटे चौकोन, मोजे, साध्या सुलट-उलट टाक्यांचा मफलर एवढंच. दहा मिनिटं मिळाली तरी एक चौकोन पुढे सरकतो.

एकच हात दोन्हीकडे राबवणं

ही चूक मला सगळ्यांत महाग वाटते. सकाळी कात्रीने गुलाब छाटायचे, तण उपटायचं आणि दुपारी लगेच सुया घ्यायच्या, यात अंगठा आणि मनगट यांच्यावरच भार येतो. अंगठ्याच्या मुळाशी कळ येऊ लागली की ‘थोडं दुखतंय, होईल बरं’ म्हणत विणत राहू नका. छाटणीच्या दिवशी विणकामाला सुट्टी द्या, एरवी वीस-पंचवीस मिनिटांनी हात मोकळे करा. विश्रांती घेऊनही दुखत राहिलं तर डॉक्टरांकडे जा. गुलाब एका दिवसात सगळे छाटायची घाईही नसते. छाटल्यावर साधारण दीड महिन्याने फुलं येतात, तेव्हा चार दिवसांत विभागून छाटलेत तर फुलंही एकदम न येता टप्प्याने येतील.

मातीने खरखरीत झालेल्या बोटांना लोकर अडकते. हातमोजे घालून माती हाताळा, नाहीतर साखर आणि गोडेतेल चोळून हात धुवा. कडुनिंबाचं तेल फवारलं असेल तर त्या संध्याकाळी लोकरीला हात नको, तो वास धाग्यात मुरतो. लोकरीवर चिखल पडलाच तर ओला असताना घासू नका. वाळू द्या, ब्रशने झटका, मग गार पाण्यात धुऊन आडवं पसरून वाळवा. दोरीवर टांगलेला स्वेटर गुडघ्यापर्यंत येतो.

विणताना बाग विसरणं

रोपांचे ट्रे विणायच्या खुर्चीशेजारी घरात ठेवायचा मोह होतो. तिथे उजेड कमी, मग रोपं लांबुळकी होऊन आडवी पडतात. टोमॅटोचं असं रोप खोल लावलं तर सावरतं, कारण त्याच्या खोडाला मुळं फुटतात. कोथिंबीर आणि गाजराची मात्र थेट कुंडीतच पेरणी करावी. धणे रगडून दोन फाका करून पेरा, उगवायला आठ-दहा दिवस लागतात.

हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कलतो. उत्तरेच्या गॅलरीत या दिवसांत थेट ऊन जवळजवळ येतच नाही, तिथे फ्लॉवर लावून काही होणार नाही. दक्षिणेची गॅलरी असेल तर आत खोलवर ऊन येतं. मग त्या उन्हात कुंड्या राहतील की विणणारी, एवढाच वाद उरतो. काळी किंवा गडद निळी लोकर असेल तर विणणारीने हट्ट धरावा. सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि ट्यूबलाइटखाली काळ्या लोकरीतला चुकलेला टाका दिसत नाही.

पाणी सकाळी द्या, तेही बोट इंचभर मातीत खुपसून कोरडं लागलं तरच. थंडीत रोपं मरतात ती बहुधा जास्त पाण्याने. संध्याकाळी पानांवर पाणी मारलं तर ती रात्रभर ओली राहतात आणि बुरशीला फावतं. आणि नळाला पाइप लावून ‘तेवढ्यात एक ओळ’ विणायला बसू नका. खालच्या मजल्यावरचे बेल वाजवून आठवण करून देतात.

ढगाळ हवा आली की शेवंती, कोबी, फ्लॉवरवर मावा (रस शोषणारी बारीक कीड) येतोच. आठवड्यातून दोनदा पानं उलटून पाहा. सुरुवातीला पाण्याचा जोरदार फवारा पुरतो. वाढला तर १ लिटर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि साबणाचे चार थेंब, ऊन उतरल्यावर, पण तेवढंच, पानं रात्रभर भिजत राहतील इतकं नाही.

उरलेली लोकर कुंडीत घालणं

ॲक्रिलिक म्हणजे प्लास्टिक, ते कंपोस्टमध्ये कुजत नाही. शुद्ध लोकरीचे तुकडे हळूहळू कुजतात, ते चालतील. टोमॅटो काठीला बांधायला लोकरीचा धागा घेतला तर इंग्रजी आठच्या आकाराचा सैल फास द्या, नाहीतर वाढणारं खोड कापलं जातं. पक्ष्यांना घरट्यासाठी म्हणून धागे गॅलरीत टांगू नका. पिल्लांच्या पायांना ते गुंडाळले जातात.

क्रोशाचं झुलतं कुंडी-जाळं छान दिसतं, पण ओल्या मातीची आठ इंची कुंडी चार-पाच किलोंची होते. सुती दोरा भिजला की लांबतो, सुतळी कुजते. नायलॉनचा दोरा घ्या, घट्ट खांब (क्रोशाचे उभे टाके) घाला, आणि आत निम्म्या मातीऐवजी कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा हलका भुसा) भरा.

लोकर आणि खत दोन्ही देणारी मेंढी इथे आठवावीच. लेंडीखत हिवाळी भाज्यांना फार मानवतं, पण ताजं घालू नये, मुळं जळतात. चांगलं कुजलेलं, हातात चुरा होणारं आणि वास न येणारं असेल तेवढंच घ्या, आणि कुंडीला दोन मुठींवर जाऊ नका.