सॉफ्टवेअर टेस्टिंगला किती दिवस लागतील, हे कसं काढायचं

पूर्ण मॉड्यूलचा (सॉफ्टवेअरच्या एका भागाचा) एकच आकडा कधी सांगू नका. आधी काम फोडा. समजा, यूपीआय पेमेंटसाठी ६० टेस्ट केसेस, म्हणजे काय आणि कसं तपासायचं याच्या लेखी नोंदी, आहेत. एक लिहायला १५ मिनिटं, म्हणजे १५ तास. चालवायला १० मिनिटं, म्हणजे एका फेरीला १० तास.

एकच फेरी धरणं ही नेहमीची चूक. बग (सॉफ्टवेअरमधल्या चुका) सापडणार, दुरुस्त होऊन परत येणार. निदान तीन फेऱ्या धरा, ३० तास. बग नोंदवणं, लॉग (सिस्टीमने आपोआप ठेवलेली नोंद) जोडणं, डेव्हलपरला तो पुन्हा घडवून दाखवणं यांचे ७ तास वेगळे लिहा, नाहीतर ते जेवणाच्या सुट्टीतून जातात.

बेभरवशाच्या कामाला तीन आकडे घ्या. टेस्ट एन्व्हायर्नमेंट (टेस्टिंगसाठीची वेगळी सिस्टीम) उभं करायला सुरळीत झालं तर ४ तास, बहुधा ६, अडकलं तर २०. मधल्याला चौपट वजन: (४ + ४×६ + २०) ÷ ६ = ८ तास. ४ आणि २० मध्ये एवढी दरी दिसली की आकडा घासत बसू नका, कारण शोधा. बऱ्याचदा बँकेचा सँडबॉक्सच (चाचणीसाठी दिलेली नकली सिस्टीम) बंद असतो.

एकूण १५ + ३० + ७ + ८ = ६० तास. मिटिंगा वजा जाता दिवसाला ८ नव्हे, ६ तास हाती येतात: एका माणसाला १० दिवस. दोन माणसं दिली म्हणून ५ होत नाहीत. एन्व्हायर्नमेंट एकच असतं.