पैसा आधी तिऱ्हाइताकडे : पुण्यात नवीन आलेल्या आपल्या लोकांसाठी

मी उदगीरहून पुण्यात आलो २००८ साली. आता गावाकडनं कोणी शिकायला नाहीतर नोकरीला आलं की पहिला फोन बरेचदा मलाच येतो, आणि दरवर्षी जून-जुलैत एक फोन ठरलेला असतो, "काका, ऑनलाइन गाडी बघितली होती, टोकन म्हणून पाच हजार टाकले, आता तो माणूस फोनच उचलत नाही." पोरगं रडवेलं झालेलं असतं, घरी सांगायची हिंमत नसते. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय.

नवीन माणसाला इथं आल्या आल्या काय काय लागतं बघा. खोली, गाडी, कॉट, फ्रीज, एखादा लॅपटॉप. सगळं नवीन घ्यायची ऐपत नसते, म्हणून सेकंडहँड बघतो, आणि सेकंडहँड म्हणजे अनोळखी माणसाकडनं. गावात म्हैस विकणारा कोणाचा कोण, त्याचं घर कुठल्या गल्लीत हे सगळ्या पंचक्रोशीला माहीत असतं, इथं वाकडच्या सोसायटीत समोरच्या फ्लॅटमध्ये कोण राहतं तेसुद्धा कळत नाही.

अशा अनोळखी व्यवहारात पैसा आधी तिऱ्हाइताकडे ठेवायचा, त्याला एस्क्रो म्हणतात. शब्द नवा वाटेल पण गोष्ट आपल्याकडचीच आहे. आमचे आजोबा हाळीच्या बाजारातनं म्हैस घ्यायचे तेव्हा इसार तेवढा मालकाच्या हातात द्यायचे आणि बाकीची रक्कम दोघांच्या ओळखीच्या आडत्याकडे ठेवायचे. म्हैस घरी आली, दोन वेळा धार काढली, बोलल्याएवढं दूध निघालं, की मग आडत्या पैसे सोडायचा. नाही निघालं तर म्हैस परत, पैसे परत. एस्क्रो कंपनी म्हणजे तो आडत्या. घेणारा पैसे तिच्याकडे भरतो, विकणाऱ्याला कळतं की पैसे आलेत, तो माल पाठवतो, घेणारा ठरलेल्या दिवसांत माल तपासून हो म्हणतो आणि मगच पैसे विकणाऱ्याच्या खात्यावर जातात. भांडण झालं तर निकाल लागेपर्यंत पैसे तिथंच अडकून राहतात, ना याचे ना त्याचे.

यात सगळ्यात महत्त्वाचं काय, तर आधी लिहायच्या अटी. लोक घाईत "चालू कंडिशन" एवढंच लिहितात आणि मग भांडतात. मी मागच्या वर्षी मुलीसाठी कोल्हापूरच्या एका माणसाकडनं जुनी हार्मोनियम घेतली, २४ हजाराला, एस्क्रोमधनं. अटीत लिहिलं होतं की भाता गळत नाही, सगळे सूर स्वच्छ वाजतात, तपासायला तीन दिवस, कुरिअरचा खर्च त्याच्याकडे, एस्क्रोची फी निम्मी निम्मी. पेटी आली त्या संध्याकाळी बायकोनं मोबाईल धरला आणि मी खोका फोडला, चिकटपट्टी कापल्यापासनं शेवटच्या थर्माकोलपर्यंत एकसलग व्हिडिओ. मुलीनं एकेक पट्टी दाबून बघितली, भाता उत्तम होता, पण मंद्र पंचम फुरफुरत होता. दुरुस्तीवाल्याला दाखवलं, त्यानं सूरपट्टी बदलून द्यायचे दीड हजार सांगितले. मी विकणाऱ्याला व्हिडिओ पाठवला, त्यानं कबूल केलं, दोघांनी साइटवर सुधारित रकमेला संमती दिली, दीड हजार मला परत आले आणि बाकीचे त्याला गेले. माणूस सज्जन होता, कदाचित तसेही दिले असते त्यानं, पण २४ हजार थेट देऊन बसलो असतो तर त्याच्या सज्जनपणावर हवाला ठेवून झोपावं लागलं असतं.

आता खरा धोका. समोरचा स्वतःहून म्हणाला "आपण एस्क्रो करू, ही घ्या लिंक", तर तिथंच थांबा. आडत्या दोघांच्या ओळखीचा असायचा, समोरच्यानं आणलेला त्याचा मेव्हणा नव्हे. खोट्या एस्क्रो साइटी अगदी खऱ्यासारख्या दिसतात, नावात एखादं अक्षर इकडचं तिकडं असतं, गोड बोलणारा सपोर्टवाला व्हॉट्सॲपवर हजर असतो, आणि पैसे भरायला गेलं की एखाद्या माणसाच्या नावाचा यूपीआय आयडी समोर येतो. तोच फसवणुकीचा पुरावा समजा. खऱ्या व्यवहारात पैसे बँकेतल्या एस्क्रो खात्यात जातात, खाजगी माणसाच्या नावावर जात नाहीत. पैसे भरल्यावर "रिलीज फी", "परत मिळणारा जीएसटी" असली मागणी आली तर एक रुपयाही आणखी घालू नका. साइट स्वतः शोधा, पत्ता स्वतः टाइप करा, कुठल्या बँकेत खातं आहे ते विचारा आणि त्या बँकेत फोन करून खात्री करा. आयटीतली पोरं बाहेरच्या देशातली फ्रीलान्स कामं घेतात किंवा डोमेन म्हणजे वेबसाइटची नावं विकतात, त्यांना एस्क्रो डॉट कॉम माहीत असेल, १९९९ पासनंची कंपनी आहे आणि २०१५ पासून फ्रीलान्सर कंपनीकडे आहे, पण तिच्याच नावाच्या नकला जास्त निघतात, त्यामुळे मेलमधल्या लिंकवरनं लॉगिन करायचंच नाही.

छोट्या वस्तूला एस्क्रोच्या फंदात पडू नका, दोन हजाराच्या कॉटसाठी कोण फी भरणार. तिथं स्वतः जा, दिवसा जा, सोबत कोणाला तरी घेऊन जा, वस्तू बघा आणि तिथंच पैसे द्या. फ्रीज घेताना मालकाला सांगून ठेवा की आम्ही येऊ तेव्हा तो बंद असू दे, आमच्यासमोर सुरू करा, अर्धा तास बसा, चहा घ्या, गार पडतोय का हात घालून बघा. जुना मोबाईल घेत असाल तर स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबून आयएमईआय नंबर, म्हणजे त्या मोबाईलचा ओळख क्रमांक काढा, मेसेजमध्ये इंग्रजीत केवायएम लिहून एक जागा सोडून तो नंबर टाका आणि १४४२२ ला पाठवा, ब्लॅकलिस्ट केलेला असेल तर कळतं. मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी हौसेनं फिरा, पण बिल नसलेला मोबाईल तिथनं नको.

दुचाकीचं मात्र नीट ऐका, कारण यात मी स्वतः पोळलोय. २०१० साली हडपसरला एकाकडनं २६ हजाराला गाडी घेतली, माणूस बोलायला चांगला, कागद नंतर देतो म्हणाला, मी सगळे पैसे दिले. चार महिन्यांनी वसुलीवाले दारात, गाडीवर कर्ज होतं. गाडी गेली, पैसे गेले, आणि मी परत पीएमटीच्या रांगेत. म्हणून आता आधी सरकारच्या एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकून कर्ज, विमा, पीयूसी बघा, बाकी असलेले चलन बघा. कर्ज असेल तर बँकेचं ना हरकत पत्र आणि कर्जाची नोंद काढायचा फॉर्म ३५ हातात पडल्याशिवाय पुढं जायचं नाही. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर मालकाची सही पाहिजे. एमएच १२ ची गाडी असेल तर संगम पुलाजवळचं आरटीओ, एमएच १४ असेल तर पिंपरी-चिंचवडचं. एस्क्रोत पैसे ठेवायचे असतील तर अट "गाडी ताब्यात मिळाल्यावर" अशी लिहू नका, "आरसी (गाडीचं नोंदणीपत्र) माझ्या नावावर झाल्यावर" अशी लिहा. आणि तुम्ही विकणारे असाल तर नाव बदलून घ्यायची घाई तुम्हालाच पाहिजे, सुप्रीम कोर्टानं २०१८ साली सांगितलंय की रजिस्टरवर ज्याचं नाव तोच मालक, अपघात झाला तर भरपाईसाठी कोर्टात त्यालाच उभं राहावं लागतं.

अजून एक, हे पुण्यात फार चालतं. "मी आर्मीत आहे, बदली झालीय, गाडी कॅम्पमध्ये उभी आहे, गेटवर बाहेरच्याला सोडत नाहीत, थोडे पैसे टाका, जवान गाडी घेऊन येईल." इथं खडकी, देहूरोड, कॅम्प, सगळीकडे लष्कर, त्यामुळे खरंच वाटतं. युनिफॉर्ममधला फोटो, ओळखपत्र, सगळं पाठवतात. खोलीसाठीसुद्धा हाच माणूस येतो, कधी मालक बनून डिपॉझिट मागतो, कधी भाडेकरू बनून तुम्हाला पैसे पाठवतो म्हणतो आणि क्यूआर स्कॅन करायला लावतो. पैसे घ्यायला पिन लागत नाही, पिन टाकला की पैसे जातातच. खोली बघितल्याशिवाय आणि भाडेकराराचं ठरल्याशिवाय टोकन देऊ नका, महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवणं बंधनकारक आहे, "आमच्याकडं तसं काही करत नाहीत" म्हणणारा मालक सोडून द्या.

विकणाऱ्यांनाही एक सांगतो. पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट किंवा मेसेज म्हणजे पैसे नव्हेत, स्वतःच्या बँकेच्या ॲपमध्ये शिल्लक बघा. एस्क्रो असेल तर "पैसे जमा झाले, माल पाठवा" हा मेल खोटाही असू शकतो, साइटवर स्वतः लॉगिन करून दिसल्याशिवाय कुरिअरवाल्याच्या हातात खोका द्यायचा नाही.

पुढं कधी फ्लॅट घेतलात तर बांधकाम चालू असलेल्या प्रकल्पात ग्राहकांचे ७० टक्के पैसे बिल्डरला वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात आणि नोंदणीकृत करार होण्याआधी १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही, रेरा या घरबांधणीच्या कायद्यात आहे हे. महारेराच्या साइटवर प्रकल्पाचा नंबर टाकून बघा आणि मगच चेक फाडा.

आणि एवढं करूनही फसलात तर लाजू नका, रात्र असो की रविवार, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन लावा. जेवढ्या लवकर कळवाल तेवढी समोरच्या खात्यात रक्कम थांबवता येण्याची शक्यता जास्त. फोन करताना यूपीआयचा बारा आकडी व्यवहार नंबर, रक्कम आणि वेळ हाताशी ठेवा, चॅट डिलीट करू नका, नंतर सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार लिहा आणि बँकेलाही कळवा. घरी सांगायला जड जात असेल तर आधी मला सांगा, घरी फोन मी करतो.