बँकेच्या शटरवर नोटीस चिकटली तर पहिल्या काही दिवसांत काय करायचं

आमच्या वडिलांचे पैसे ज्या बँकेत होते तिचं नाव घेत नाही, घेऊन आता उपयोग पण नाही. कोल्हापुरात महाद्वार रोडच्या मागच्या अंगाला शाखा होती, सकाळी साडेदहाला गेलो तर शटर अर्ध्यावर आणि त्यावर चिकटपट्टीनं लावलेला एक कागद, वरचा कोपरा सुटून वाऱ्यावर फडफडतोय आणि खाली पन्नासेक माणसं मोबाईल वर करून फोटो काढायलेत. माझ्या शेजारी एक आज्जी, दुधाच्या पिशवीत पासबुक गुंडाळून आणलेलं, मला म्हणाल्या बाळा काय लिवलंय ते वाच की मोठ्यानं. मी वाचलं, पण खरं सांगतो मलाच कळलं नाही की पैसे गेले का अडकले. ते कळायला पुढं चार महिने गेले, म्हणून हे लिहितोय, तुमच्यावर वेळ आली तर ते चार महिने तरी वाचावेत.

सगळ्यात आधी नोटीस नीट वाचा, कारण दोन वेगळ्या गोष्टी असतात आणि लोक दोन्हीला "बँक बुडाली" म्हणतात. एक म्हणजे निर्बंध. रिझर्व्ह बँक बँकिंग नियमन कायद्याच्या कलम ३५अ खाली आदेश काढते, नवीन ठेव घ्यायची नाही, नवीन कर्ज द्यायचं नाही, खात्यातून अमुक रकमेपेक्षा जास्त काढायचं नाही. २०१९ च्या सप्टेंबरात मुंबईच्या पीएमसी बँकेवर असे निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला फक्त १,००० रुपये काढता येत होते, नंतर ती मर्यादा वाढवत नेली. निर्बंध म्हणजे परवाना गेला असं नाही, बँक सुधारू शकते, दुसऱ्या बँकेत विलीन होऊ शकते किंवा शेवटी बंद होऊ शकते. दुसरी गोष्ट म्हणजे परवानाच रद्द. मग सहकारी बँक असेल तर रिझर्व्ह बँक सहकार निबंधकांना सांगते की आता ही गुंडाळा आणि अवसायक, म्हणजे बंद बँकेची वसुली करून देणी भागवणारा माणूस, नेमा. आपल्या जिल्ह्याला हे नवीन नाही, कोल्हापूरच्या सुभद्रा लोकल एरिया बँकेचा परवाना २४ डिसेंबर २०२० ला रद्द झाला, त्यावेळी ठेवीदारांचे सगळे पैसे द्यायला बँकेकडं पुरेशी रोकड आहे असं रिझर्व्ह बँकेनंच सांगितलं होतं, म्हणजे परवाना गेला की पैसे गेलेच असं धरू नका. त्यानंतर इचलकरंजीत शिवम सहकारी आणि २०२३ च्या डिसेंबरात शंकरराव पुजारी नूतन नागरी. आमची बँक यातली कुठलीच नव्हे.

नोटिशीचा फोटो काढताना आदेशाची तारीख स्पष्ट दिसली पायजे. पुढचा सगळा हिशोब त्या तारखेवर फिरतो.

आता दुसरा प्रश्न, आणि हा लय महत्त्वाचा, ती बँक होती का पतसंस्था? हसू नका. आपल्याकडं गल्लीगल्लीत पतसंस्था, बाहेर काचेचा दरवाजा, आत काउंटर, टोकन मशीन, पासबुक छापणारा प्रिंटर, सगळं बँकेसारखंच, आणि आपली माणसं बोलताना "बँकेत भरून येतो" असंच म्हणतात. पण पतसंस्थेच्या ठेवीला ठेव विमा महामंडळाचं, म्हणजे डीआयसीजीसीचं संरक्षण नाही. एक रुपयाचं पण नाही. पावतीवर वरती पूर्ण नाव वाचा, "सहकारी पतसंस्था" किंवा "क्रेडिट सोसायटी" असं असेल तर या लेखातला विम्याचा भाग तुम्हाला लागू नाही. मग तुमची वाट म्हणजे उपनिबंधक, जिल्हा उपनिबंधक, आणि अफरातफर झाली असेल तर पोलिसांची आर्थिक गुन्हे शाखा आणि १९९९ चा ठेवीदार संरक्षण कायदा, ज्याला सगळे एमपीआयडी म्हणतात. मल्टिस्टेट, म्हणजे एकापेक्षा जास्त राज्यांत चालणारी असेल तर निबंधक इथला नाही, दिल्लीतला केंद्रीय निबंधक. ती वाट लांबची आहे, एकट्यानं जाऊ नका, ठेवीदारांनी मिळून जा.

बँकच असेल तर वही घेऊन बसा. विमा माणशी ५ लाखांपर्यंत, ४ फेब्रुवारी २०२० पासून, त्याआधी १ लाखच होता. ५ लाख म्हणजे मुद्दल अधिक व्याज, आणि त्या बँकेच्या सगळ्या शाखांतलं मिळून. आमच्याकडं लोकांनी हुशारी केलेली, एक पावती शाहूपुरी शाखेत, एक राजारामपुरीत, की बाबा सगळं एका ठिकाणी नको. काही उपयोग नाही, बँक एकच आहे. समजा तुमच्या एकट्याच्या नावावर बचत खात्यात ४० हजार, एका शाखेत ४ लाखांची मुदत ठेव, तिच्यावर ३८ हजार व्याज झालेलं, आणि दुसऱ्या शाखेत १ लाख. बेरीज ५ लाख ७८ हजार. विम्यातून ५ लाख, वरचे ७८ हजार अवसायकाच्या दारात.

पण जोड खातं वेगळं धरतात. तुमच्या एकट्याचं एक, तुमचं आणि बायकोचं मिळून दुसरं, या दोन्हीला वेगवेगळे ५ लाख. आणि गंमत म्हणजे नावांचा क्रम बदलला तरी वेगळं धरतात, म्हणजे आधी नवरा मग बायको हे एक आणि आधी बायको मग नवरा हे दुसरं. आमच्या वडिलांनी हे काही ठरवून केलेलं नव्हतं, एका पावतीच्या वेळी आई एकटीच बँकेत गेली म्हणून तिचं नाव आधी पडलं, आणि तेवढ्यावर आमचे लाखभर रुपये मर्यादेच्या आत बसले. दुकानदारांनी मात्र बघा, लक्ष्मीपुरीत किंवा गुजरीत तुमचं एकट्याच्या मालकीचं दुकान असेल आणि दुकानाच्या नावानं चालू खातं असेल तर ते आणि तुमचं स्वतःचं खातं एकत्र मोजतात. भागीदारी फर्म असेल तर वेगळं. अज्ञान मुलाच्या नावावर तुम्ही पालक म्हणून ठेवलेलं असेल तर ते पण वेगळं.

शेअरचे पैसे ठेव नव्हेत. कर्ज घेताना सभासद म्हणून जे शेअर कापून घेतले त्यांना विमा नाही, ते शेवटच्या ओळीत, मिळाले तर मिळाले. लॉकरमधलं सोनं मात्र बँकेच्या मालमत्तेत येत नाही, ते तुमचंच, अर्ज करून तारीख घेऊन काढून आणा.

आणि कर्ज असेल तर? इथं लोक मोठी चूक करतात. "बँकच बंद पडली, आता हप्ता कुणाला भरायचा" म्हणून गप्प बसतात. कर्ज बुडत नाही, व्याज चढत राहतं आणि अवसायकाचं मुख्य काम वसुलीच असतं, तो १०१ चा, म्हणजे सहकार कायद्यातला वसुलीचा दाखला घेऊन दारात येतो. शिवाय तुमची ठेव आणि तुमचं कर्ज एकाच बँकेत असेल तर ठेवीतून येणं वजा करून जे उरेल त्यावर विमा. ३ लाख ठेव आणि १ लाख कर्ज असेल तर २ लाखच धरा.

आता कागद. निर्बंध आले की ठेव विमा कायद्याच्या २०२१ च्या दुरुस्तीनं एक चांगली सोय झालीय, बँक पूर्ण बंद व्हायची वाट बघायची नाही, ९० दिवसांत विम्याचे पैसे मिळायचे. पहिल्या ४५ दिवसांत बँक ठेवीदारांची यादी महामंडळाला देते, पुढच्या ३० दिवसांत तपासणी, आणि १५ दिवसांत पैसे. विलीनीकरणाचं काही चाललं असेल तर आणखी ९० दिवस लांबू शकतं. पण या यादीत तुमचं नाव नीट यायला तुम्ही स्वतः संमतीपत्र भरून द्यायचं असतं, सोबत ओळखपत्र आणि दुसऱ्या बँकेतल्या तुमच्या चालू असलेल्या खात्याचा नंबर. म्हणजे पहिले ४५ दिवस खरे. तेवढ्यात कागद गेला नाही तर तुम्ही मागं राहता.

आमचं काय झालं सांगतो. मी एकटाच धावत होतो, जोड पावतीच्या फॉर्मवर वडिलांची सही घेतली आणि आईची राहिली. काउंटरवरच्या पोरानं घेतला पण फॉर्म, शिक्का मारून पोच दिली, आणि तीन आठवड्यांनी फोन आला की अपूर्ण आहे. परत गेलो तर दुसरंच निघालं, आधारवर वडिलांचं नाव आडनावासकट तीन शब्दांत आणि पासबुकावर फक्त आद्याक्षरं, त्यात केवायसी कधीकाळी केलेली, आणि खात्याला जोडलेला मोबाईल नंबर माझ्या भावाचा, जो त्यानं कधीच बंद करून टाकलेला. एवढं सगळं दुरुस्त करेपर्यंत पहिली यादी निघून गेली. पैसे मिळाले, पण शेजाऱ्यांना मिळाल्यावर कितीतरी दिवसांनी, आणि ते दिवस घरात कसे गेले ते विचारू नका, वडील जेवताना पण बोलायचे नाहीत.

म्हणून सांगतो, पासबुकात शेवटची नोंद करून घ्या, प्रिंटर बंद आहे म्हणाले तर सही शिक्क्याचा खातेउतारा मागा. पावत्यांच्या दोन्ही बाजूंच्या झेरॉक्स, मूळ पावती पोच घेतल्याशिवाय हातातून सोडायची नाही. जोड खात्यात सगळ्यांच्या सह्या. खातेदार वारला असेल तर खात्यावर वारस (नॉमिनी) म्हणून कुणाची नोंद आहे का बघा, नसेल तर वारस दाखल्याचं काम आजच सुरू करा, त्याला वेळ लागतो. आणि पोच, पोच, पोच. तोंडी "होतंय काका, काळजी करू नका" याला किंमत शून्य.

परवाना थेट रद्द झाला असेल तर हेच कागद अवसायकाकडं. त्यानं तीन महिन्यांत यादी पाठवायची आणि यादी मिळाल्यापासून दोन महिन्यांत महामंडळानं पैसे द्यायचे, असा नियम आहे. महामंडळ तुमच्याशी थेट व्यवहार करत नाही, पैसे अवसायकामार्फत येतात, म्हणून मुंबईला पत्रं पाठवत बसू नका.

५ लाखांच्या वरचे पैसे हा संयमाचा खेळ. अवसायक कर्जं वसूल करतो, इमारत विकतो, फर्निचर विकतो, त्यातून आधी महामंडळानं दिलेले पैसे परत जातात आणि मग उरलं तर वरच्या ठेवीदारांना हप्त्याहप्त्यानं. वर्षं जातात. तुमची जादा रक्कम त्याच्या दप्तरात बरोबर मांडलीय ना एवढं लेखी घ्या आणि पत्ता बदलला तर कळवा.

हे सगळं शोधताना मी जरा मागं पण वाचत गेलो. अमेरिकेत १९३० च्या मंदीत असंच, फक्त लय मोठ्या प्रमाणावर, १९३० ते १९३३ मध्ये सुमारे ९ हजार बँका बंद पडल्या, त्यात गावातल्या लहान बँका भरपूर. सरकार रिसीव्हर नेमायचं, आपल्या अवसायकासारखाच, तो गावातल्याच शेतकऱ्याच्या शेतीवरचं कर्ज वसूल करायचा आणि त्यातून गावातल्याच ठेवीदाराला शेकडा इतकं या हिशोबानं वाटायचा. तिथल्या नॅशनल बँकेच्या भागधारकाला शेअर तर गेलाच पण वर त्याच्या दर्शनी किमतीएवढे पैसे खिशातून भरायला लागायचे, ते वाचून मला आमच्या शेअरचं दुःख जरा कमी वाटलं. ६ मार्च १९३३ ला रूझवेल्टनी देशभरच्या बँकांना सुट्टीच देऊन टाकली. १ जानेवारी १९३४ पासून तिथं ठेवीला विमा आला, सुरुवातीला अडीच हजार डॉलर. आपल्याकडं त्यासाठी १९६० ला केरळची पलाई सेंट्रल बँक बुडावी लागली, मग १९६१ चा कायदा, १ जानेवारी १९६२ पासून विमा, १,५०० रुपये! आणि याचा हप्ता ठेवीदार भरत नाही, बँक भरते, २०२० पासून तो शंभर रुपयाला वर्षाला १२ पैसे होता. कोण तुमच्याकडं "विम्याची फी" मागितली तर तो चोर आहे.

त्याच मंदीत अडलेल्या लोकांनी आपली पासबुकं कमी भावात विकली होती. आमच्या रांगेत पण एकजण फिरत होता, म्हणे पावती द्या, निम्मे पैसे आज रोख देतो. त्या आज्जी जवळजवळ द्यायला निघालेल्या, त्यांचे सगळे मिळून ५ लाखांच्या खूप आत होते, म्हणजे थांबलं तर पूर्ण मिळणार होते. मी आणि मागच्या गूळवाल्या काकांनी मिळून त्याला हाकललं. फोनवर ओटीपी मागणारे वेगळेच, त्यांचा फोन सरळ ठेवून द्या.

आणखी एक काम, जे माझ्याकडून राहिलं. निर्बंधातल्या बँकेत नवीन रक्कम जमा होत नाही, तेव्हा त्या खात्यावर जे काही येत होतं ते सगळं वळवायला लागतं. पेन्शन, गॅसची सबसिडी, डेअरीचं दूध बिल, आणि कारखान्याच्या शेती ऑफिसात जाऊन उसाच्या बिलाचा नवीन खाते नंबर लेखी द्या, पासबुकाची झेरॉक्स जोडून, कारण आमचं बिल गेलं ते परत फिरलं आणि ते सोडवायला परत कारखान्याला तीन खेपा.