वॉटर फिल्टर घेताना या चुका टाळा

सगळ्यात महागडी चूक म्हणजे नळाचं पाणी न मोजताच आरओ (दाबाने बारीक पडद्यातून पाणी काढून क्षार कमी करणारं मशीन) घेणं. पुण्याला येणारं खडकवासला धरणाचं पाणी मुळात मऊ. पेठांत, कोथरूडला नुसतं धरणाचं पाणी येत असेल तर टीडीएस (विरघळलेले क्षार, लिटरमागे मिलिग्रॅममध्ये) बहुतेक वेळा शंभराच्या आगेमागे भरतो. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक (आयएस १०५००) ५०० पर्यंत हरकत घेत नाही. तरी शेजाऱ्यांकडे आहे म्हणून आरओ येतो आणि पुढचं रामायण ठरलेलं असतं.

नळाला टीडीएस ९०, आरओच्या पडद्यातून, म्हणजे मेम्ब्रेनमधून, निघतो ८. पाणी अळणी लागतं, तक्रार जाते. मेकॅनिक येतो, टीडीएसचा स्क्रू फिरवतो, मीटरवर ६० दाखवतो, घरचे खूश. आता हिशोब करा. ९० आणि ८ मिसळून ६० हवे असतील तर जवळजवळ ६३ टक्के पाणी मेम्ब्रेनला वळसा घालून येतं. पैसे आरओचे, वर लिटरमागे दोन-तीन लिटर सिंकमध्ये, आणि जंतूंचा बंदोबस्त मात्र यूव्ही (अतिनील किरणांचा दिवा) आणि यूएफ (अतिबारीक छिद्रांची गाळणी) यांच्याच भरवशावर. मग नुसतं यूव्ही-यूएफचं मशीन काय वाईट होतं? टीडीएस मीटर विरघळलेले क्षार मोजतो. थोडं ड्रेनेज मिसळलं तरी त्याचा आकडा फारसा हलत नाही.

शहराच्या कडेला वाघोली, उंड्री, पिसोळीकडे गोष्ट वेगळी. सोसायटीच्या टाकीत पालिकेचं, बोअरचं आणि टँकरचं पाणी एकत्र होतं. पावसाळ्यानंतर एकदा मोजून मोकळे होऊ नका, एप्रिल-मेमध्ये टँकर वाढले की पुन्हा मोजा. आकडा सातत्याने ५०० च्या वर असेल तर आरओ घ्या, खुशाल घ्या.

दुसरी चूक यूव्हीला गढूळ पाणी पाजण्याची. गाळाच्या कणांआड जंतू किरणांतून सुटतात. गुरुवारी पाणी बंद असलं की शुक्रवारचं पहिलं पाणी बघा कसं येतं ते! मशीन थेट नळावर असेल तर त्याचा कॉक बंद ठेवा, नळाला नितळ पाणी येऊ लागल्यावरच उघडा. बाहेरच्या हाउसिंगमधला (डब्यातला) ५ मायक्रॉनचा स्पन, म्हणजे गाळ अडवणारा दोऱ्यांचा फिल्टर, चॉकलेटी दिसला की बदला, तारखेची वाट कसली बघता? ब्रशने घासून तोच परत लावणारे भेटतात. घासून वरचा थर जातो, आत बसलेला गाळ तसाच राहतो. हाउसिंग बंद करताना रबरी रिंग खाचेत नीट बसवा, नाहीतर रात्रभर ओटा भिजेल.

यूव्हीची ट्यूब निळी दिसते म्हणून चालू समजू नका. साधारण वर्षाने तिचा जोर उतरतो.

नवं मेम्ब्रेन टाकलं की एफआर (वाया जाणाऱ्या पाण्याचा प्रवाह आवरणारा फ्लो रिस्ट्रिक्टर) पण बदला आणि मशीनच्या पहिल्या दोन टाक्या ओतून द्या.

वीज गेली की आरओ आणि यूव्ही दोन्ही ठप्प, हे बऱ्याच जणांना अंधारातच कळतं. विजेशिवाय चालणारं ग्रॅव्हिटीचं यूएफ जिवाणू अडवतं, पण सगळे विषाणू नाही. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, किरकटवाडी भागात जीबीएसचे (गिलियन-बारे सिंड्रोम, मज्जातंतूंचा आजार) रुग्ण वाढले तेव्हाही पाणी उकळून पिण्याचाच सल्ला होता. आधी गाळा, खळखळून उकळी आल्यावर मिनिटभर ठेवा, झाकून थंड करा. गॅस नसेल तर क्लोरीनचे थेंब: बाटलीवरच्या मापाने टाका, ढवळा, अर्धा तास थांबा. तुरटी गाळ खाली बसवते, जंतू मारत नाही. म्हणून आधी तुरटी, वरचं नितळ पाणी दुसऱ्या भांड्यात, मग क्लोरीन. हे पाणी परत कार्बनच्या फिल्टरमध्ये ओतू नका. कार्बन क्लोरीन शोषून घेतो आणि साठवलेल्या पाण्याला राखण उरत नाही.